नोंदवहीतला कोरा रकाना

नॅथॅनियल हॉथॉर्न ह्या अमेरिकन लेखकाची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी आम्ही प्रथम वाचली ती केवळ इंग्रजी सुधारावे म्हणून. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर तेव्हा आमचे तत्त्वज्ञानाचे पहिले वर्ष चालू होते. मराठी शाळांतून आलेल्या आम्हां मुलांना लॅटिनपेक्षा इंग्रजीचीच धास्ती अधिक. एका वृद्ध प्राध्यापक-धर्मगुरूंनी बांधणी सुटलेली ती प्रत आमच्या हाती ठेवली आणि रोज दहा पाने वाचून त्यांचा सारांश लिहून आणण्यास फर्मावले. शिक्षाच ती. हॉथॉर्नचे एकेक वाक्य मालगाडीसारखे लांब; कर्ता एका स्टेशनात उभा आणि क्रियापद पुढच्या. उन्हाळ्याच्या तोंडी, टेकडीवरची झाडे पाने गाळीत असताना, व्हरांड्यात बसून आम्ही ते पुस्तक कसेबसे संपविले आणि शेवटच्या सारांशात मोठ्या ऐटीत लिहिले की, ह्या प्रॉटेस्टंट पाळकाला पापनिवेदनाचा संस्कार लाभला असता तर ही कादंबरी पहिल्या वीस पानांतच संपली असती! सरांनी त्या वाक्याखाली तांबड्या शाईने एक रेघ ओढली. बाजूला काहीच लिहिले नाही. ती रेघ शाबासकीची आहे असे आम्ही पुष्कळ वर्षे धरून चाललो होतो.

ज्यांनी हे पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. ते प्रसिद्ध झाले १८५० साली. कथा मात्र त्यापूर्वी दोनशे वर्षांची, बॉस्टन गावातील कडव्या प्युरिटन वसाहतीची आहे. हेस्टर प्रिन नावाच्या तरुण विवाहितेचा पती दीर्घकाळ बेपत्ता असताना तिला मूल होते. व्यभिचाराची खूण म्हणून इंग्रजी वर्णमालेतील ‘ए’ हे अक्षर तांबड्या कापडावर भरून तिने जन्मभर छातीवर वागवावे आणि तीन महिन्यांचे मूल कडेवर घेऊन भर बाजारातील चौथऱ्यावर तीन तास उभे राहावे, अशी शिक्षा तिला होते. त्या मुलीचा बाप आहे गावचा लाडका तरुण पाळक, आर्थर डिम्सडेल. गंमत म्हणावी की क्रूरता, कोण जाणे, पण चौथऱ्यावर उभ्या असलेल्या हेस्टरला ‘तुझ्या साथीदाराचे नाव सांग’ असा उपदेश करण्याचे काम वडीलधारी मंडळी ह्याच पाळकावर सोपवितात आणि तो ते करतो. गहिवरलेल्या आवाजात करतो. ती नाव सांगत नाही.

लबाडी एकट्या पाळकाचीच नाही. हेस्टरचा नवरा गावात येतो तो नाव बदलून, वैद्य म्हणून. पुढे पाळकाच्याच घरी राहून त्याच्या मनाच्या जखमेत बोट घालीत बसतो. हेस्टरला हे ठाऊक असते आणि नवऱ्याला दिलेल्या वचनापायी तीही सात वर्षे गप्प राहते. म्हणजे जिच्या छातीवर पाप टाकून दिले आहे तिच्याही पदराला एक खोटे बांधलेले आहे. एवढे मात्र खरे की, त्या गावात सर्वांत कमी खोटे बोलणारी व्यक्ती म्हणजे तीच.

वैदिक असो वा ख्रिस्ती, बाईच्या कपाळी अक्षर आणि पुरुषाच्या नावी कोरी जागा, हा हिशोब बॉस्टनपुरता नव्हता. हॉथॉर्नच्या पुस्तकानंतर बत्तीस वर्षांनी, १८८२ साली, आमच्या विदर्भातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे लहानसे पुस्तक लिहिले. निमित्त होते सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेच्या खटल्याचे. नवजात मुलाच्या हत्येबद्दल १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली. वर्तमानपत्रांतून तिच्यावर आणि तिच्या निमित्ताने एकूण स्त्रीजातीवर कोरडे ओढले जाऊ लागले, तेव्हा ताराबाईंनी लेखणी उचलली. जे दुर्गुण स्त्रियांच्या अंगी आहेत म्हणून सांगता तेच पुरुषांच्या अंगी आहेत की नाहीत, आणि असतील तर शिक्षा एकीलाच का, हा त्यांचा रोखठोक सवाल. भाषा अशी तिखट की आजही वाचताना पुरुष वाचकाला बसल्या जागी चुळबुळ होते. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ह्या लेखिकेची बाजू उचलून धरली. त्यांनी स्वतः १८६३ साली पुण्यात, अडचणीत सापडलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावे म्हणून, आपल्या घरी आसरा दिला होता. बाकीच्यांनी मात्र ते पुस्तक असे विसरून टाकले की १९७५ साली स. गं. मालशे ह्यांनी ते पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत मराठी वाचकाला त्याचा पत्ता नव्हता.

ताराबाई ख्रिस्ती नव्हत्या. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या शुभवर्तमानात कोरलेला आहे. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला प्रभूपुढे आणून उभे करतात; आणि मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयच्या विसाव्या अध्यायात, शिक्षा दोघांनाही सांगितलेली आहे. मग तो दुसरा कोठे होता? हा प्रश्न आम्ही किती उपवासकाळांतील प्रवचनांत विचारला असेल! लोक माना डोलावीत. आता आमच्याविषयी सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही नागपूरपासून तासा-दीड तासाच्या अंतरावरील एका धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू होतो. गावाचे नाव लिहीत नाही, ओळख पटेल असा तपशील गाळला आहे, आणि ज्या दोघींविषयी हे आहे त्यांना विचारूनच लिहीत आहोत. तेथे लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेणारी एक मुलगी होती. बावीस-तेवीस वर्षांची, अविवाहित. मुलांना तिचा फार लळा. तिला दिवस गेल्याचे गावात कळले आणि रविवारच्या मिस्सेनंतर पॅरिश कौन्सिलची मंडळी आमच्या घरी जमली. कोणी आरडाओरडा केला नाही. सर्व अतिशय सभ्यपणे झाले. ‘मुलांपुढे उदाहरण काय राहील, फादर?’ एवढेच ते म्हणाले. तिला वर्गावरून आणि गायकवृंदातून दूर करण्याचे ठरले. त्या ठरावाखाली आमची सही आहे. मग मंडळींच्याच सूचनेवरून आम्ही तिला बोलावून, तिच्या आईदेखत, त्या पुरुषाचे नाव विचारले. आमच्या आवाजात कळवळा होता. तिने आमच्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली.

त्यानंतर पंधरवड्याने, दिवेलागणीला, धर्मग्रामातील एक प्रतिष्ठित गृहस्थ आमच्या ऑफिसात आले. येथे एक खुलासा केलाच पाहिजे. ते पापनिवेदनासाठी आले नव्हते. त्या पवित्र संस्कारात ऐकलेला शब्द धर्मगुरूच्या तोंडून मरेपर्यंत बाहेर पडत नाही. तसे असते तर हा लेखच लिहिला नसता. ते समोरच्या खुर्चीवर बसले, चहा प्याले, आणि तो मुलगा आपलाच असल्याचे त्यांनी सांगितले. त्याचे लग्न दुसरीकडे ठरले होते. तिच्या घरी काही रक्कम पोहोचविण्याची त्यांची तयारी होती. आमच्याकडून त्यांना काय हवे होते ते त्यांनी उघड कधीच म्हटले नाही. उठताना चर्चच्या छपराकडे पाहून म्हणाले, ‘पावसाळ्याआधी पत्रे टाकून घेऊ, फादर. कवेलू आता टिकणार नाहीत.’ छपराचा अर्ध्याहून अधिक खर्च तेच करीत होते.

त्या सद्‌गृहस्थांनी आम्हांला विकत घेतले असे आम्ही म्हणणार नाही. ते म्हणणे फार सोपे होईल, आणि खोटेही. छप्पर नसते तरी आम्ही गप्पच राहिलो असतो. आम्हांला गावात तट नको होते. लग्न मोडायला नको होते. मुलीने स्वतःच नाव सांगितले नाही, मग आपण कोण, असा विचारही होता. आणि तो विचार अगदीच टाकाऊ नव्हता. गुप्त गोष्ट चावडीवर सांगणे हे काही धर्मगुरूचे काम नव्हे. पण त्या तरुणाला एकट्याला बोलावून चार शब्द सांगणे हे तर आमचे काम होते ना? तेही आम्ही केले नाही. आज बोलावू, उद्या बोलावू, म्हणता म्हणता त्याचे लग्न लागले. आम्हीच लाविले.

मध्यंतरी मुलीची आई आली. दारातच उभी राहिली. बस म्हटले तरी बसली नाही. तिने विचारले, ‘फादर, तुम्हांला काही ठाऊक आहे का?’

आम्ही म्हटले, ‘नाही.’

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना ‘मनातील शर्त’ नावाचे एक प्रकरण असते. तोंडाने एक बोलावे आणि उरलेला भाग मनात पुरा करावा: ‘मला ठाऊक नाही’, आणि मनात, ‘म्हणजे तुला सांगण्याजोगे ठाऊक नाही’. जुन्या पंडितांनी ह्या युक्तीवर ग्रंथ लिहिले, आणि १६७९ साली पोप अकरावे इनोसंट ह्यांनी तिचा निर्भेळ प्रकार निषिद्ध ठरविला. त्याआधी कितीतरी शतके संत ऑगस्टीन ह्यांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहून, चांगल्या हेतूने बोललेले खोटेही खोटेच, असे बजावले होते. ह्या सर्वांवर आम्ही परीक्षेत उत्तम गुण मिळविले होते. ती माउली वळून पायऱ्या उतरली आणि तिचा पदर कुंपणाआड दिसेनासा होण्याच्या आत आमची मनातील शर्त तयार झाली होती. शिक्षणाचा असाही उपयोग होतो!

मूल झाले. मुलगी. स्नानसंस्कार आम्हीच दिला. धर्मसंहितेच्या ८७७ व्या कलमात अविवाहित मातेच्या मुलाची नोंद कशी करावी ते सांगितले आहे. पित्याचे नाव लिहायचे ते एखाद्या सरकारी कागदपत्राने पितृत्व सिद्ध होत असेल तर, किंवा त्याने स्वतः धर्मगुरू व दोन साक्षीदार ह्यांच्यासमोर तसे जाहीर केले असेल तर. दोहोंपैकी काहीच नव्हते. म्हणून आम्ही रकाना कोरा ठेवला. कायद्याने ते अगदी बरोबर होते. कोणताही बिशप ती नोंदवही तपासता तर एका अक्षराचीही चूक काढू शकला नसता. पण तो रकाना कोरा राहण्याचे खरे कारण कायद्यात नव्हते. विचारलेच नाही, तर जाहीर कोण करणार?

त्या वर्षी पावसाळ्यानंतर ‘द स्कार्लेट लेटर’ पुन्हा आमच्या हाती आले. ह्या वेळी इंग्रजी सुधारायचे नव्हते. ज्या प्रकरणात डिम्सडेल व्यासपीठावरून आपल्या पापाविषयी बोलतो तेथे आम्ही अडखळलो. तो श्रोत्यांना सांगतो की मी तुम्हां सर्वांत अधम आहे. आणि लोक काय करतात? अधिकच भारावून जातात. एवढा पवित्र पुरुष स्वतःला असे म्हणवितो, तर आपण केवढे पापी! आपल्या ह्या कबुलीचा असाच परिणाम होणार हे डिम्सडेलला पक्के ठाऊक असते. खरे बोलून खोटे पसरविण्याची ही हातोटी हॉथॉर्नने जशी पकडली आहे तशी आमच्या वाचनात अन्यत्र आली नाही. प्रत्येक मिस्सेच्या आरंभी आपण सर्वजण छाती बडवून पापी असल्याचे कबूल करतो. ते योग्यच आहे. पण अमुक दिवशी, अमुक बाईला, ऑफिसच्या दारात मी ‘नाही’ म्हटले, हे त्या प्रार्थनेत कोठे बसत नाही. डिम्सडेलही घरी कपाटात चाबूक ठेवून स्वतःला फोडून काढतो, उपास करतो, रात्री जागतो. मध्यरात्री कोणी नसताना त्या चौथऱ्यावर जाऊनही उभा राहतो. चिमुरडी पर्ल विचारते, उद्या दुपारी आईचा नि माझा हात धरून येथे उभा राहशील? तो म्हणतो, उद्या नाही, न्यायाच्या दिवशी.

सारांशातील आमचे ते ऐटबाज वाक्य तेव्हा आठवले आणि सरांच्या तांबड्या रेघेचा अर्थ कळला. आमच्याजवळ तर पापनिवेदनाचा संस्कार होता. आम्ही त्याचा लाभही घेतला. एका शेजारच्या धर्मगुरूंपुढे गुडघे टेकून ते असत्य सांगितले, क्षमा मिळाली, मन हलके झाले. आणि मग आम्ही पुढची चौदा-पंधरा वर्षे त्या हलक्या मनानेच घालविली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४८७ व्या परिच्छेदात साफ म्हटले आहे की, सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची भरपाई करण्याचे कर्तव्य, क्षमा मिळाली तरी, शिल्लक राहते. हा परिच्छेद आम्ही उपवर तरुण-तरुणींच्या शिबिरांतून शिकविला आहे.

हॉथॉर्नविषयी एक-दोन गोष्टी येथे सांगाव्याशा वाटतात. त्याचा एक पूर्वज, जॉन हॅथॉर्न, १६९२ सालच्या सेलम गावातील चेटकिणींच्या खटल्यांत न्यायाधीश होता. त्या कलंकाची जाणीव लेखकाने जन्मभर वागविली. ‘द मार्बल फॉन’ ह्या १८६० सालच्या कादंबरीत त्याने हिल्डा नावाची एक प्युरिटन घरातील मुलगी रंगविली आहे. दुसऱ्याच्या गुन्ह्याचे गुपित असह्य होऊन ती रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरातील पापनिवेदनाच्या कठड्याशी जाऊन सर्व सांगून टाकते. स्वतः हॉथॉर्न कॅथलिक झाला नाही. पण त्याची धाकटी मुलगी रोझ ही १८९१ साली आपल्या श्रद्धेत आली, पुढे मदर मेरी अल्फोन्सा ह्या नावाने तिने असाध्य कर्करोगाच्या गरीब रुग्णांसाठी डॉमिनिकन सिस्टर्सचा संघ स्थापिला, आणि २०२४ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी तिला ‘वंदनीय’ घोषित केले. बापाने लपविण्याच्या रोगावर लिहिले, मुलगी ज्यांना लोक लपवून ठेवीत अशा रोग्यांत जाऊन राहिली. ह्याचा आमच्या गोष्टीशी काय संबंध, असे कोणी विचारील. फारसा नाही. पण ही हकीकत वाचली त्या दिवशी आम्ही उठून बसचे तिकीट काढले.

कारण त्या मायलेकी आता नागपुरातच राहतात हे आम्हांला ठाऊक होते. मुलगी परिचारिका झाली आहे. नात कॉलेजात जाते. ते गृहस्थ पूर्वीच प्रभुवासी झाले. त्यांच्या अंत्यविधीचे प्रवचन आम्हीच केले होते आणि ‘दानशूर’ हा शब्द त्यात दोनदा वापरला होता. त्यांच्या मुलाविषयी लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही. त्याच्याशी जे बोलायचे ते आम्ही वीस वर्षे उशिरा का होईना बोललो आहोत, आणि ते त्याच्या-आमच्यात राहील.

उत्तर नागपुरातील एका वस्तीत दोन खोल्यांचे घर. आई आता थकली आहे, डोळ्यांना कमी दिसते. तिने आवाजावरून ओळखले. आम्ही वाटेत जुळविलेली सर्व वाक्ये विसरलो आणि एवढेच म्हटले, ‘माय, तुम्ही मला त्या दिवशी विचारलं होतं, तेव्हा मला ठाऊक होतं. मी खोटं बोललो.’ आम्ही लेखात नेहमी ‘आम्ही’ लिहितो. त्या दिवशी ‘मी’ म्हटल्याचे आम्हांला नंतर लक्षात आले.

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘मले तेव्हाच समजलं होतं, फादर. तुम्ही लवकर बोलले. खरं सांगणारा मानूस आधी विचार करते.’

मुलगी ड्यूटीवरून आली तेव्हा आम्ही तिच्यापुढेही तेच बोललो, आणि कौन्सिलच्या त्या ठरावावर सही केल्याबद्दल क्षमा मागितली. तिने हात धुतले, स्टोव्हवर चहाचे आधण ठेवले. वर्गातली मुले आता केवढी झाली असतील, असे विचारले. आम्ही काहींची नावे सांगितली. दोघांची लग्ने झाली, एक सेमिनरीत आहे. तो सेमिनरीत गेल्याचे ऐकून ती हसली. म्हणाली, ‘त्याला हेलमरी पाठ करवताना माझा घसा बसला होता.’ हा लेख लिहू का, असे आम्ही काही आठवड्यांनी फोनवर विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘लिहा. पण मला बिचारी करू नका.’ तसे झाले असल्यास तो दोष आमच्या लेखणीचा.

त्या संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा आई काठी टेकीत दारापर्यंत आली. तिने विचारले, ‘चर्चचं छप्पर आता गळत नाही ना, फादर?’

त्या धर्मग्रामात आता दुसरे धर्मगुरू आहेत. गेल्या पावसाळ्यात सणाच्या मिस्सेला आम्ही तेथे गेलो होतो. आम्ही क्षणभर थांबलो आणि म्हटले, ‘गळतं, माय. वेदीच्या उजव्या बाजूला बादली ठेवावी लागते.’